गिअरवरचा हात

माझा हात गिअरवर नसतो. हे पहिलंच सांगून टाकतो, म्हंजे पुढं मधीच कोणी बोट दाखवायला नको. छत्तीस वर्षं हिंगोली आगाराची एसटी चालवली, त्याच्या आधी दोन वर्षं शेठची जीप. एवढ्या वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली न्हाई. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झाली तेव्हा मिळालेला बिल्ला आमच्या बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेला आहे. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी तो दिसतो, तशी सोयच करून ठेवली आहे.

आता अशा माणसाला एक मोटार कंपनी पत्र पाठवते की अमृतराव, तुम्हाला गाडी चालवता येत न्हाई. माणसानं काय करावं? तुमी काय केलं असतं ते तुमचं तुमाला ठाऊक. मी भांडलो. दीड वर्ष भांडलो.

गाडी माझ्या हौसेची न्हवती, चतुराच्या हौसेची होती. चतुरा म्हंजे माझी बायको, सगळ्या गावाची चतुराबाई सिस्टर. आखाडा बाळापूरला नर्स होती. अर्ध्या बाजारानं लहानपणी तिच्या हातची सुई खाल्लेली आहे. ती रिटायर झाली त्या दिवशी हारतुरे घेऊन घरी आली, पाय धुतले, खुर्चीत टेकली, आणि मी मोठ्या मनानं इचारलं की बाई, आता तुला काय पाहिजे ते माग. मला वाटलं, बुद्धगयेला जाऊ म्हणेल न्हाई तर पाटल्या मागेल. ती म्हणाली, मला पुढच्या सीटवर बसायचंय.

मला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. एसटीच्या छत्तीस वर्षांत ती कितीदा तरी माझ्या गाडीत बसली असेल. माहेरी सेनगावला जाताना, लेकरू काखेत घेऊन, कधी सणाला, कधी मयतीला. पण ड्रायव्हरची बायको झाली तरी ती पाशिंजरच. जाळीच्या मागची पहिली सीट, तिथं बसायची. म्हंजे छत्तीस वर्षं त्या बाईनं माझी पाठ पाहिली. आणि लग्नाच्या आधी ती कुठं बसली होती? माझ्या शेजारी, अगदी खेटून. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई, म्हणून सांगतो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. एका शेठची जीप सेनगाव ते हिंगोली चालवायचो. जीप कसली, खटारा होता. पुढं चार, मधी सहा, मागं सात, टपावर शेळी न्हाई तर ज्वारीचं पोतं. त्या जीपचा तिसरा गिअर सुटायचा. टाकला की दोन मिन्टं राहायचा, आणि खड्ड्यात दणका बसला की खटकन बाहेर. त्याला माझा इलाज होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मी गिअरच्या दांड्याला बांधली होती आणि दुसरं टोक सीटखालच्या हुकाला. गिअर टाकला की पट्टी अडकवायची, बदलायचा झाला की सोडायची. त्या काळात निम्म्या जिल्ह्याच्या जीपा अशाच चालायच्या. आजकालची पोरं हसतात. हसू द्या, पण आमच्या जीपा पोचायच्या.

एक दिवस सेनगावहून निघालो तर पुढच्या सीटवर दोन बाया. एक चंदाबाई, तिला गाडी लागायची, म्हणून ती दरवाज्याकडंच बसणार म्हणाली. मग तिची पोरगी आपोआप मधी आली, गिअरच्या बाजूला. निळं पातळ, मांडीवर कागदांची फाईल, फाईलवर दोन्ही हात. नर्सिंगच्या मुलाखतीला हिंगोलीला निघाली होती. ती माझ्याकडं बघत न्हवती आणि मी तिच्याकडं बघत न्हवतो, आणि दोघांनाबी ते कळून राहिलं होतं.

नर्सी गावाच्या अलीकडं ट्यूबची पट्टी तुटली. पुढं कयाधू नदीकडचा उतार, रस्ता म्हंजे नुसती चाळण, माणसं कोंबलेली, दोन्ही हात स्टेअरिंगला पाहिजेत. गाडी थांबवावी तर मुलाखतीची वेळ चुकते, असं तिची माय दरवाज्याकडून सारखी सांगत होती. मग मी समोर बघतच म्हणालो, “बाई, हा दांडा जरा धरता का? मुठीच्या खाली धरा. आणि मी सांगेपर्यंत सोडू नका.”

तिनं फाईल मायच्या मांडीवर दिली आणि धरला. काय धरला म्हणता! हिंगोलीपर्यंत गिअर तसूभर हलला न्हाई. मी मूठ धरून गिअर बदलायचो तेव्हा दांड्याबरोबर तिचा हात मागंपुढं यायचा आणि परत तसाच घट्ट. स्टँडवर पोचलो, मी खाली उतरलो, माणसं उतरवली, टपावरची पोती उतरवली, एका म्हाताऱ्याशी जागेवरून तंडलो. येऊन बघतो तर जीप रिकामी, चंदाबाई खाली उभी राहून कावून राहिली आहे, आणि पोरगी एकटी आत बसलेली. हात दांड्यावर. इंजिन बंद, गाडी उभी, आणि ही गिअर धरून.

मी म्हणालो, अहो, काहून बसलात? तर म्हणाली, तुमीच म्हणाले ना, सांगेपर्यंत सोडू नका.

मी एवढा हसलो की पुढं सांगायचं राहूनच गेलं. शेवटी मायनं दंडाला धरून तिला खाली ओढली. मुलाखत पास झाली. सहा महिन्यांनी आमचं लग्न ठरलं, तेव्हा सेनगावच्या मंडळींनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की लग्नात वंदना घ्यायला आलेले भंतेजीसुद्धा गालात हसले. चतुराची नर्सिंगमधली शिस्त तीच होती. ती सांगायची, जखमेवर बोळा धरला की डॉक्टर सोडा म्हणेपर्यंत सोडायचा न्हाई, मग हाताला मुंग्या येऊ देत न्हाई तर पाय मोडू देत.

पुढं मला एसटीत नोकरी लागली आणि जीप सुटली. एसटीच्या ट्रेनिंगला आमचे एक उस्ताद होते. गिअरवर हात ठेवून बसलेला दिसला की बोटांवर पट्टी मारायचे. म्हणायचे, गिअर म्हंजे सासुरवाडी, कामापुरतं जायचं, मुक्काम करायचा न्हाई. ती पट्टी मी दोनदाच खाल्ली. तिसऱ्यांदा खायची वेळ आली न्हाई. तेव्हापासून माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर, गिअरला हात लावला की काम झाल्याबरोबर माघारी.

तर अशी ती पुढची सीट. गाडी आणली. पांढरी, छोटी, पाच गिअरची. कंपनीचं नाव घेत न्हाई, उगं सकाळी सकाळी तोंड कडू होतं. नांदेडच्या शोरूममधून हिंगोलीला येताना चतुरा पुढं बसली, पदर सावरला, सीटबेल्ट मी लावून दिला, आणि ती सगळ्या रस्त्यानं दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत आली. जाळीमागून पाट्या दिसतात, पण निघून गेल्यावर दिसतात, असं ती म्हणाली. साठीची बाई पण लेकरासारखी खुश होती. खोटं काहून बोलू, मीबी खुश होतो.

चार महिने बरे गेले. मग वाशिमला एका लग्नाला निघालो होतो, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं तिसरा गिअर खटकन सुटला. माझा माझ्यावर विश्वास बसेना. परत टाकला, परत सुटला. चतुरा टाळी वाजवून म्हणाली, आपल्या जीपसारखंच झालं की हो! आमी दोघं हसलो. गाडी एका ढाब्यापाशी थांबवली होती, नव्या गाडीचा गिअर सुटतो आणि दोन म्हातारे हसतात, तिथले लोक बघत राहिले. थोडं पुढं गेलो आणि गिअर पडायचाच बंद झाला, गाडी टोचन करून, म्हंजे दुसऱ्या गाडीला बांधून, नांदेडला न्यावी लागली.

शोरूमवाल्यांनी वॉरंटीत दुरुस्त करून दिली. गारेगार हॉल, सोफा, मशीनची कॉफी, आणि काचेतून आपल्या गाडीचं पोट फाडलेलं बघायचं. मॅनेजर सर सर करून राहिला होता. मी म्हणालो, काय झालं होतं ते तर सांगा. तो म्हणाला, सर, छोटा इशू होता. छोट्या इशूला आठ दिवस लागले.

आठ महिन्यांनी परत तेच. नांदेड, सोफा, कॉफी, छोटा इशू. मग मी कंपनीच्या फोनवर लागलो. एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं तर बाई हिंदीत बोलली. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं म्हणायची आणि बासरी लावून निघून जायची. ती बासरी आमच्या घरात एवढी वाजली की चतुरा भाकऱ्या थापताना तीच चाल गुणगुणायला लागली. आमचं पोरगं प्रज्ञेश पुण्यात असतं, ते तिकडून ईमेल करायचं. प्रत्येक ईमेलला एक नंबर यायचा, आणि पुढच्या ईमेलला वेगळाच नंबर.

तिसऱ्या वेळी तर इज्जतच गेली. आखाडा बाळापूरला, भर बाजारात, चौकात गाडी अडकली. मागं ट्रॅक्टर, पुढं हातगाडे, आणि माणसं धावून येऊन म्हणतात, अरे सिस्टरबाईची गाडी बंद पडली, धक्का मारा. पंधरा-वीस जणांनी धक्का मारत गाडी कडेला नेली. आत मी, छत्तीस वर्षांचा ड्रायव्हर, न्यूट्रलमधी स्टेअरिंग धरून बसलेला.

आणि या वेळी दुरुस्तीच्या जागी पत्र आलं. ते मला पाठ आहे. “चालकाने गिअर लिव्हरवर सतत हात ठेवल्यामुळे गिअरबॉक्समधील भाग एका बाजूने झिजला आहे. सदर बिघाड चालकाच्या चुकीच्या सवयीमुळे उद्भवला आहे.” खाली लिहिलं होतं की तरीपण कंपनी सद्भावना म्हणून नवा गिअरबॉक्स फुकट बसवून देईल, फक्त वरचं वाक्य मान्य आहे म्हणून मी सही करायची.

ते पत्र मी डेपोसमोरच्या टपरीवर घेऊन गेलो. तिथं आमी रिटायर लोक रोज सकाळी बसतो. उत्तमसिंग माझा जुना कंडक्टर, तांड्यावरचा माणूस, बावीस वर्षं माझ्या मागं घंटी वाजवलेली. त्यानं पत्र मोठ्यानं वाचलं आणि आधी हसला. म्हणाला, अमृतराव, म्हातारपणी हात चाळे करून राहिला काय तुमचा? सगळे हसले. मग माझं तोंड बघून त्यानं पत्राची घडी बराबर घालून माझ्या खिशात ठेवली. पण हसून झालं होतं. त्या बाकावर बसणारी माणसं आयुष्यभर माझ्या हाताच्या भरवशावर डोळे मिटून बसलेली, आणि त्यांच्या समोर कंपनीनं माझ्या हातालाच नाव ठेवलं.

प्रज्ञेश म्हणाला, बाबा, सही करून टाका, फुकट मिळतंय. मी म्हणालो, फुकट न्हाई मिळून राहिलं, माझं नाव जाऊन राहिलं त्यात. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात अर्ज टाकला. अर्ज लिहून देणाऱ्यानं इचारलं, मागणी काय लिहू? नवी गाडी? भरपाई? मी म्हणालो, एकच लिही, ते वाक्य मागं घ्या. आणि शपथेवर लिहून दिलं की गाडी चालवताना माझा हात गिअरवर नसतो. सही ठसठशीत केली, कारण ते खरं होतं. चतुरानं तर वर आयोगाला सांगून पाठवलं की पाहिजे तर मला साक्षीला बोलवा, मी शेजारीच बसलेली असते.

निकाल लागेपर्यंत कंपनीनं तात्पुरता गिअरबॉक्स बसवून दिला आणि कळवलं की आमची इंजिनिअर येऊन तुमचं गाडी चालवणं बघेल. मी म्हणालो, येऊ दे, दहा इंजिनिअर येऊ दे.

आली ती एक पोरगी. रीता राठोड, तिशीच्या आतली, पाठीवर बॅग, हातात वही. बोलता बोलता कळलं की वाशिमकडच्या तांड्यावरची आहे, पणजोबाचे बैल असायचे, दाणे-मीठ वाहायचे. तांड्याचं लेकरू कंपनीचं इंजिनिअर झालेलं बघून मला बरं वाटलं, पण ते मी तोंडावर दाखवलं न्हाई. शेवटी ती समोरच्या पार्टीची. चतुरानं मात्र तिला पोहे खाऊ घातले, चहा पाजला, आणि इचारलं की मी पुढं बसले तर चालेल ना, मी रोज बसते तशी. रीता म्हणाली, रोज बसता तसंच बसा काकू, मला रोजचंच बघायचंय. ती मागं मधोमध बसली, वही उघडली, आणि आमी सेनगावचा रस्ता धरला.

त्या दिवशी मी गाडी अशी चालवली की उस्ताद असते तर पाठ थोपटली असती. दोन्ही हात स्टेअरिंगवर. गिअर टाकला, हात माघारी. गिअर टाकला, हात माघारी. रस्ता आता चांगला झालाय, तरी मी मुद्दाम गावातून घेतली, स्पीडब्रेकरवरून घेतली, बघ म्हणालो मनात, नीट बघ. मागं वहीवर पेन चालल्याचा आवाज येऊन राहिला होता आणि मला तो गोड लागून राहिला होता. चतुरा पाट्या वाचून राहिली होती.

कयाधूच्या उताराला लागलो आणि मागचा पेनचा आवाज थांबला. मी आरशात बघितलं. रीता माझ्या हाताकडं बघत न्हवती. ती खाली बघत होती, दोन सीटच्या मधी. म्हणून मीबी बघितलं.

चतुराचा पदर गिअरवरून मांडीवर आलेला होता आणि पदराखाली तिचा हात होता. मुठीच्या खाली, दांड्याला, कातड्याच्या आवरणासकट घट्ट धरलेला. नजर समोर रस्त्यावर, तोंडानं पाटी वाचणं चालू, आणि हात तिथं. मी तिसऱ्यातून चौथा टाकला तर तिचा हात दांड्याबरोबर मागं आला आणि परत तसाच घट्ट झाला.

मी रोज तिच्या शेजारी बसून गाडी चालवतो आणि मला हे दिसलं न्हवतं. की दिसत होतं आणि घरातल्या उंबऱ्यासारखं झालं होतं, रोज ओलांडतो पण बघत न्हाई? खरं सांगायचं तर मला अजून सांगता येत न्हाई. कनेरगावला गिअर सुटला त्या दिवसापासून तो हात तिथं असणार. चाळीस वर्षांपूर्वीचं काम तिला परत आलं आणि तिनं ते न बोलता हाती घेतलं. आणि मी शपथेवर लिहून दिलं होतं की हात न्हाई म्हणून.

सेनगावच्या स्टँडजवळ गाडी लावली. चतुरा म्हणाली, पोरीला शेंगा आणते भाजलेल्या, लेकरू लांबून आलंय, आणि ती रस्ता ओलांडून गेली. मी आणि रीता गाडीपाशी उभे राहिलो. तिनं आधी वेगळंच सांगितलं. म्हणाली, पहिला बिघाड आमचाच होता, काका, पहिल्या बॉक्सचा भाग कच्चा निघाला होता, तो सुटणारच होता. ते मी अहवालात लिहिणार आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळचं मात्र हातानंच झालंय. सारखा एका बाजूनं भार राहिला की आतला भाग झिजतोच.

मग तिनं वही बंद केली आणि हळू म्हणाली, “काका, तुमचा हात एकदाबी गिअरवर न्हवता. मी तेवढंच लिहिते. त्यात खोटं काहीच न्हाई.”

आता इथं मी लई मोठा माणूस निघालो असं तुमाला वाटत असेल तर तसं न्हाई. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की लिहू दे. दीड वर्ष ज्याच्यासाठी भांडलो ते समोर उभं होतं. वाक्य मागं येणार, पत्राची घडी उलगडून मी टपरीवर उत्तमसिंगला वाचायला देणार. खरंच तर आहे, माझा हात न्हवता. मी व्हय म्हणायला तोंडबी उघडलं होतं.

समोरून चतुरा येऊन राहिली होती. एका हातात शेंगांची पुडी, दुसऱ्या हातानं निऱ्या उचललेल्या, आणि दोन्हीकडं बघून रस्ता ओलांडायला थांबलेली. तिच्या मागं तोच कट्टा होता जिथून माझी जीप सुटायची, आता त्यावर मोबाईलचं दुकान झालंय. मला ती निळ्या पातळातली पोरगी रिकाम्या जीपमधी एकटी बसलेली दिसली, माय खालून ओरडून राहिली आहे आणि ही सोडत न्हाई. सोडा म्हणायचं काम कोणाचं होतं? माझं होतं. ते मी हसण्यावारी नेलं, आणि चाळीस वर्षं तसंच राहू दिलं. मला रडू आलं, खोटं काहून बोलू. सेनगावच्या भर रस्त्यात आलं.

मी रीताला म्हणालो, “वही उघड, पोरी. असं लिही: गिअरवर सतत हात असायचा, चालकाच्या सांगण्यावरून.”

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, काका, मग वाक्य तुमच्यावरच राहील. अर्जाचं काय? मी म्हणालो, अर्ज मी मागं घेतो, आणि ते शपथेचंबी दुरुस्त करून देतो. पण कोणाचा हात ते लिहू नको. ते लिहिलंस तर ती वाचेल, आणि पुढच्या सीटवर परत बसायची न्हाई. रीतानं लिहिलं, मी बोनेटवर वही ठेवून खाली सही केली. तेवढ्यात चतुरा आली आणि पुडी उघडून पहिली मूठ पोरीच्या हातावर ओतली. मग मला इचारलं, डोळे काहून लाल झाले? मी म्हणालो, धुरळा.

रीताला हिंगोलीच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसवून दिलं. ती खिडकीतून काकू काकू करून हात हलवून राहिली. गाडी हलली तेव्हा चतुरा म्हणाली, चांगली आहे पोरगी, बघा, आता तुमचं नाव मोकळं होईल. मी व्हय म्हणालो.

घराकडं न्यायच्या जागी मी गाडी परत नर्सीच्या रस्त्याला वळवली. चतुरानं इचारलं न्हाई कुठं म्हणून. ऊन उतरलं होतं, सोयाबीन काढून झालेली रानं मोकळी पडली होती. तिनं पदर सावरला, आणि या वेळी मी बघत होतो म्हणून मला दिसलं, तिचा हात आपोआप खाली गेला आणि दांड्याला जाऊन बसला. बोटं वाकडी झाली आहेत आता तिची, सांधे सुजतात. दीड तास तसा हात धरून तिला किती तकलीफ होत असेल ते मी एकदाबी इचारलं न्हवतं.

उतार आला. मी म्हणालो, “चतुरा, सोड आता.”

ती दचकली. हाताकडं बघितलं, जसं काही तो तिला नव्यानंच दिसला. म्हणाली, “सुटणार न्हाई का?”

“न्हाई सुटत.”

“मग आधी काहून न्हाई सांगितलं?”

“इसरलो होतो.”

तिनं हात काढला. काढून मांडीवर ठेवला, आणि बोटं उघडझाप करत बसली, जसं ओझं उतरवल्यावर माणूस करतो. गिअर जागचा हलला न्हाई. पूल ओलांडला तरी तिनं एकबी पाटी वाचली न्हाई, आणि मला वाटलं, झालं, हिला कळलं. मग मी ते केलं जे जन्मात केलं न्हवतं. उस्तादाची पट्टी, बिल्ला, छत्तीस वर्षं, सगळं बाजूला ठेवून डावा हात स्टेअरिंगवरून काढला आणि तिच्या मांडीवरच्या हातावर ठेवला. नर्सीपर्यंत गाडी एका हातानं चालवली.